जहागीरदारांचं पोट हललं, त्याबद्दल

कुपवाड, मंगळवार

रा. रा. लालासाहेब पाव्हणे यांस कुपवाडहून नानासोचा वाकून रामराम. तुमची तब्येत बरी असेल, गुडघ्याला तेल चालू असेल आणि यमाईच्या कृपेनं रागही थोडा उतरला असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत आहोत. (मजेत म्हणजे तुमची बहीण राजेश्वरी अकरा दिवस माझ्याशी बोललेली नाही. वर्कशॉपमधलं लेथ मशीनसुद्धा हल्ली मला गोड वाटतं.)

माझ्या लेकीच्या साखरपुड्यात तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि 'संयोगिताच्या लग्नाला माझी वाट बघू नका' असं उंबऱ्यात सांगून औंधची गाडी धरलीत, ते सगळं माझ्यामुळं. कबूल. पण माझी बाजूही ऐका. शहाऐंशी साली तुम्ही दूरदर्शनच्या रहस्यमालिकेत 'जहागीरदारांचा शेवटचा चहा' या भागात जहागीरदार झाला होतात, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो. पाहिला मात्र घरात कुणीच नव्हता, कारण त्या दिवशी औंधात वीज नव्हती. त्या जहागीरदारीवर भुलूनच मी तुमच्या बहिणीला होकार दिला. (हे तिला कळवू नका.) मग तो भाग मोबाईलवर सापडल्यावर खंडाळ्याच्या व्याह्यांसमोर मी तो मोठ्या टीव्हीवर लावला, तर माझं काय चुकलं? आधी एकदा स्वतः बघून घ्यायला हवा होता, एवढंच. जहागीरदार पहिल्याच मिनिटाला मेलेले सापडतात, हे मला काय ठाऊक! तुम्ही खोटं बोलला नव्हतात म्हणा. जहागीरदार झालो होतो म्हणालात; जिवंत जहागीरदार, असं कधीच म्हणाला नव्हतात.

आता कलाकृतीबद्दल. मी त्यानंतर ती चार वेळा पाहिली, तेव्हा निःपक्षपातीपणे सांगतो. अंधार उत्तम आहे. भिंतीवरचं घड्याळ टकटकत राहतं आणि कुणीच काही बोलत नाही, तेव्हा अंगावर काटा येतो. हल्लीच्या मालिकांत नुसतं दार उघडलं तरी तीनदा ढोल वाजतो. नवरा मेलेला पाहून जहागीरदारीणबाई आधी बशी उचलून ठेवतात, हे तर फारच बारकाईचं. (आमच्याकडेही हाच क्रम राहील, याची मला खात्री आहे.) दोष म्हणाल तर फौजदाराची मिशी दर प्रवेशात वेगळी. विष चहात होतं म्हणतात, पण कप शेवटपर्यंत काठोकाठ भरलेला. आणि खुनी कोण, तर शेवटच्या दोन मिनिटांत उगवलेला एक डॉक्टर! असलं काम मी करून दिलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवील.

राहिलं तुमचं काम. नवरदेवाच्या आजी बनुबाई पुढं सरकून ओरडल्या, "आवं, ह्यो मेल्याला न्हाई! प्वाट हलतंय बघा त्येचं!" सगळे हसले, मीही हसलो. (माझं हसू जरा जास्त लांबलं.) पण त्यानंतर काय झालं, ते रागात तुमच्या ध्यानात आलं नसेल. जहागीरदारानं मेल्याचं सोंग घेतलंय, आता उठतो आणि कुणाचा तरी गळा धरतो, म्हणून माणसं हातातला चहा विसरून तुमच्या पोटाकडं बघत बसली. लेखकाला जे रहस्य जमलं नाही, ते तुमच्या पोटानं शेवटपर्यंत टिकवलं. हे मी तिथंच सांगायला हवं होतं. ते सोडून पंगतीत मी "जहागीरदारांना आधी वाढा, श्वास घेऊन घेऊन दमलेत" असं बोललो. जिभेला हाड नसतं, तशी माझ्या जिभेला अक्कलही नाही.

तेव्हा राग सोडावा. घरच्या थोरामोठ्यांना नमस्कार, आणि या लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर दोन्ही माझंच समजावं.

तुमचा,
नानासो

ता. क. लग्न अठ्ठावीस तारखेला आहे. 'मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावं' असं माईकवर पुकारतील, तेव्हा कोण उठणार? एखादा चुलतमामा उभा करू म्हणालो, तर संयोगिता म्हणते, मामा नसेल तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही.

ता. क. २. खुनी तो डॉक्टर, यावर बनुबाईंचा अजून विश्वास नाही. परवा फोनवर पहिला प्रश्न, "त्यो जहागीरदार लग्नाला येनार हाय न्हवं? मला त्येलाच इचारायचं हाय."

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो, तर संयोगितानं हात धरला. म्हणाली, "आबा, एवढं लिवाच. सगळी टीव्हीकडं बघून हसत हुती, तवा मी मामाकडं बघत हुते. मामा खुर्चीत डोळं मिटून, श्वास धरून बसला हुता. त्यो सीन सरंपातूर हलला न्हाई." ते ऐकल्यापासून मला तो भाग पुन्हा लावायचा धीर होत नाही. पाव्हणे, चुकलं माझं. या.