जमिनीवर ठेवलेला चेंडू

८ डिसेंबर

आज पाहिलं ते आधी लिहून टाकते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

सकाळचा स्वयंपाक उरकून घरामागच्या शेतात, बांधीत गेले. धान कापून झालंय, जमीन कडक आहे, बावीस यार्डांचा पट्टा मी स्वतः शेणानं सारवलाय. स्टंपांच्या जागी तेलाचा रिकामा डबा. गोंदियाजवळच्या गोरेगावला माहेरी होते तेव्हाही अशीच एकटी चेंडू टाकायची. विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळले, लेग स्पिन बरी पडते. आणि १९ जानेवारीला नागपुरात विदर्भाच्या महिला संघाची निवड चाचणी आहे. चोवीस वर्षांची झाले. या वेळी नाही झालं तर मग मी आहे आणि धानाची रोवणी आहे.

एक चेंडू डब्याला चुकवून पार कडेच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेला. तिथे भासरे धानाचं तणस रचत होते. माझ्या नवऱ्याचे, प्रफुलचे मोठे भाऊ, भोजराज. वय अठ्ठेचाळीस. लग्नाला सात महिने झाले, त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. बोलायचंच नसतं. या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, नाव घ्यायचं नाही, आणि स्पर्श तर मुळीच नाही. चहाचा कपसुद्धा हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, मग त्यांनी उचलायचा.

त्यांनी चेंडू उचलला. मी ओढणी ओढून उभी. वाटलं, ठेवतील खाली नि लागतील कामाला. त्यांनी बोटांत एकदा फिरवला, दोन पावलं टाकली आणि हात वर नेला. चेंडू हवेत भिणभिणला — खरंच, आवाज आला! डब्याच्या हातभर बाहेर पडला, आत वळला आणि डबा आडवा. ते हात झटकून परत तणसाकडे गेले. मागे वळूनही पाहिलं नाही.

मी बराच वेळ त्या टप्प्याच्या खुणेजवळ उकिडवी बसून होते.

९ डिसेंबर

प्रफुल तिरोड्याच्या दुकानातून आला तसा त्याला धरला. खताच्या पावत्या बाजूला ठेवून म्हणतो, "दादा? दादा तर रणजीच्या संघात होता ना. सहा वर्सं."

मग मला काऊन सांगितलं नाही?

"खेळला कुठं? बारावाच राहिला. पाणी नेऊन देत होता."

एकही सामना नाही. सहा मोसम! त्या काळात संघात लेग स्पिनरची जागा एकच, आणि त्या जागेवरचा माणूस सहा वर्षांत ना आजारी पडला ना फॉर्मातून गेला. पण सरावात म्हणे कर्णधार हात जोडायचा — "भोज, आज जरा सोपे टाक. उद्या मॅच आहे, पोरांचा धीर जाते."

आणि सात महिने मी या माणसाला नुसती भाजी वाढतेय.

१२ डिसेंबर

शिकवणी सुरू झाली. कोणी कोणाला विचारलं नाही. आज भासरे आपणहून पट्ट्याजवळ येऊन उभे राहिले. मागोमाग आत्याबाई — सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते — लाखोळीची भाजी खुडायच्या निमित्तानं धुऱ्यावर येऊन बसल्या. दोघंच कसे असणार बांधीत?

"माय, तिले सांग, खांदा लवकर उघडून राहिला."

मी दहा पावलांवर. सगळं ऐकलेलं. तरी आत्याबाईंनी माझ्याकडे तोंड करून सांगायचं, "तो म्हणते, खांदा लवकर उघडून राहिला." मग मी मान हलवायची.

"आत्याबाई, त्यांना विचारा, उजवा की डावा?"

"काऊन रे भोजू, उजवा का डावा?"

"डावा."

"डावा म्हणते."

चेंडू ते जमिनीवर ठेवतात, मी उचलते. मी ठेवते, ते उचलतात. जाऊबाई खिडकीतून हसत होत्या. मलाही हसू येत होतं, पण दुपारपर्यंत डावा खांदा सुधारला होता. तीन वर्षं कोच ओरडायचे, तेव्हा सुधारला नव्हता.

२० डिसेंबर

बारांपैकी नऊ चेंडू एकाच जागी. भासरे म्हणाले, "बरं हाय." एवढं मात्र आत्याबाईंनी पोहोचवलं नाही. मी ऐकलं होतं.

२४ डिसेंबर

गुगली पाहिली. लेग स्पिनच्याच हातानं टाकलेला, पण उलटा आत वळणारा चेंडू.

आज भासऱ्यांनी मला बॅट घेऊन उभं राहायला सांगितलं — आत्याबाईंमार्फत. बारा चेंडू टाकले. हात तोच, उडी तीच, चेहरा तर धान मोजताना असतो तसा. काही बाहेर गेले, काही आत आले. एकही, एकही मला हातातून ओळखता आला नाही. शेवटी मी बॅट टेकून नुसती बघत राहिले. भीती वाटली म्हणायला हरकत नाही. हा माणूस वीस वर्षांपासून इथे बैल आणि ट्रॅक्टर हाकतोय आणि त्याच्या मनगटात हे आहे, आणि चोरखमाऱ्याच्या तलावापासून तिरोड्यापर्यंत कोणाला पत्ता नाही!

संध्याकाळी ते अंगणात तणसाचा दोर वळत बसले होते. मनगट बघत राहिले. आतून बाहेर, पूर्ण, शेवटपर्यंत. तीच गुगली.

मला ही पाहिजे. हिच्याशिवाय चाचणीला जाण्यात अर्थ नाही. लेग स्पिन टाकणाऱ्या पंधरा येतील.

३० डिसेंबर

जमत नाहीये.

"तिले सांग, मनगट अर्धं राहून राहिलं." "तो म्हणते, मनगट अर्धं राहिलं." सहा दिवस हेच. कुठे अर्धं? मला तर पूर्ण फिरल्यासारखं वाटतं. त्यांचा हात दोनदा पुढे आला, धरून दाखवावं तसा. दोन्ही वेळा मागे गेला.

आज प्रफुलला मध्ये घातलं. भासऱ्यांनी प्रफुलचं मनगट धरून फिरवलं, प्रफुलनं येऊन माझं. खताच्या गोण्या उचलणारा हात तो. माझं मनगट असं पिळलं की रात्री हळद लावावी लागली. गुगली त्याच्यापर्यंत पोहोचली असेल, माझ्यापर्यंत नाही आली.

६ जानेवारी

आज धीर केला. "आत्याबाई, त्यांना विचारा, वाईट नाही वाटलं? सहा वर्षं?"

आत्याबाईंनी विचारलं नाही. पण भासऱ्यांनी ऐकलं होतं. जमिनीकडे बघत म्हणाले, "माय, तिले सांग, लय वाटलं. शेवटच्या वर्षी रेल्वेत रडत आलो गोंदियापर्यंत. पन माह्या हातून जो चेंडू सुटला, तो चांगलाच सुटला. कोनी पाहिला नाई तरी."

आत्याबाईंनी हे मला सांगितलं नाही. भाजी मांडीत तशीच. मला वाटतं, रडल्याचं त्यांना आजच कळलं.

१९ जानेवारी

नागपूर. गुगली टाकली. चार टाकल्या. चारही मुलींनी ओळखल्या.

२० जानेवारी

यादीत नाही. खाली चार राखीव, त्यांत तिसरं नाव माझं.

निवड समितीतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "लेग स्पिन सुंदर आहे तुझी. पण गुगली हातातूनच कळते, मनगट अर्ध्यात थांबतं. दोन फेब्रुवारीला सराव सामना आहे, राखीव मुलींनाही बघणार आहोत. तोवर जमव."

घरी दारातूनच सांगितलं सगळं. बाईंचं बोलणंही शब्दन् शब्द. भासरे जेवत होते. "राखीव" ऐकलं आणि हात ताटातच थांबला. "मनगट अर्ध्यात" ऐकल्यावर उठूनच गेले. ताट तसंच.

२२ जानेवारी

भासरे बांधीकडे फिरकत नाहीत. मी एकटी टाकते. सगळे चेंडू बाहेरच वळतात, आत एकही येत नाही. रागावलेत का माझ्यावर?

आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुह्यावर कायले रागावंल? सोतावर रागावून राहिला." पुढे काही बोलल्या नाहीत. लाखोळी निवडत होत्या, निवडलेलीच परत निवडत होत्या.

२३ जानेवारी

परवा कालव्याला चोरखमाऱ्याचं पाणी सुटणार. उन्हाळी धानासाठी बांधी भरतील. पट्टा गेला माझा. म्हणजे उद्याचा एकच दिवस.

२४ जानेवारी

भासरे आले. चेंडू खाली ठेवला. "माय, तिले सांग—"

आत्याबाई धुऱ्यावरून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत पट्ट्यापर्यंत आल्या, वाकून चेंडू उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "मी नाई सांगत आता. एक पोरगा राखीव राहिला, तेवढा पुरे झाला या घराले. धर तिचा हात नि दाखव. मी हाय ना इथं."

भासऱ्यांनी चेंडू माझ्या तळहातावर ठेवला. मनगट धरलं आणि फिरवलं — मी रोज थांबत होते तिथून पुढे, कितीतरी पुढे. मग सोडलं. मी टाकला. बाहेर पडला, आत आला, डबा वाजला.

"समजलं?" त्यांनी विचारलं. मला विचारलं.