भिंतीकडे तोंड करून

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, आणि उत्तराला उशीर झाला म्हणून तू नाक मुरडलं असणार हे मला इथून दिसतंय. काम फार आहे गं. खोलीच्या खाली चाव्या करणाऱ्याचं दुकान आहे, त्याची कानस सकाळी आठला सुरू होते, तेच माझं घड्याळ. भावोजींना सांग, त्यांनी दुरुस्त करून दिलेलं खरं घड्याळ महिन्यातून एकदा मागे पडतं, पण मी कुणाला कळू देत नाही.

आमच्या नृत्यशाळेत या वर्षी सहा देशांतले सहा शिक्षक आहेत. मी लहान मुलांचा वर्ग घेते आणि उरलेल्या वेळात बाकीच्यांचे वर्ग बघत बसते. एक बाई उंच डोंगरातल्या. त्यांच्याकडे सगळे खांद्याला खांदा लावून नाचतात आणि पाऊल वीतभरच टाकतात. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या की आमची सपाट जागाच तेवढी, मोठं पाऊल टाकणारे सगळे खाली गेले. एक बुटके मास्तर आहेत, ते बसूनच नाचतात, नुसते हात आणि भुवया. त्यांची माणसं पिढ्यान्पिढ्या होड्यांत राहिलेली, उभं राहून नाचलं तर संसार पाण्यात. म्हणजे बघ, माणूस जिथं राहतो आणि जे सोसतो, तेच त्याच्या पायात उतरतं. मी हे शिकवत नाही, पण वर्गात हेच मनात असतं.

सप्टेंबरात संस्थेचा मोठा कार्यक्रम आहे. प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी बसवायचं. दाढीवाले आजोबा म्हणून एक शिक्षक आहेत, त्यांनी साफ सांगून टाकलं की आमचा मोठा नाच दाखवायचा नसतो, मी पोरांचा बेडूकउड्यांचा नाच बसवतो. संचालकबाई खट्टू झाल्या. मलाही तो जरा कंजूषपणाच वाटला. मी आपली आईची दोरीवरच्या उड्यांची गाणी घेईन म्हणते.

एक विचारायचं होतं. आईकडच्या बायकांचा तो पाठमोरा नाच नीट कसा असतो? लहानपणी आपल्याला बाहेर काढायचे, मला नुसत्या टाचा ऐकू यायच्या. मागच्या वेळी मी नव्हते. माझ्यापुरतं माहीत असावं एवढंच. जमलं तर लिही, नाही जमलं तर नको.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझी
ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घड्याळ महिन्यातून एकदा मागे पडतं हे ऐकून तुझ्या भावोजींचं दोन वेळचं जेवण गेलं. म्हणतात, ठकीनं ते पाण्यात भिजवलं असणार. तू भिजवलंस का ते मला वेगळं कळव.

माझं नेहमीचंच चाललंय. शाळांचे गणवेश आलेत, त्यामुळे घरात चालायला जागा नाही. काजं करून करून बोटाला घट्टा पडलाय. डोळ्यांनाही आता दोरा ओवताना त्रास होतो, एकदा दाखवायला हवेत.

तू नाचाचं विचारलंस. पत्र चार दिवस मशीनच्या खणात ठेवून दिलं होतं. आज दुपारी घरात कुणी नाही, तेव्हा लिहिते.

घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बायका मागच्या खोलीत जमतात. पुरुष आणि मुलं बाहेर. सगळ्यात मोठी बाई उजव्या टोकाला, म्हणजे आता आपली मावशी. भिंतीकडे तोंड करून ओळीत उभं राहायचं, शेजारणीच्या करंगळीत करंगळी. वाजवणं नाही, गाणं नाही. उजवीकडे तीन पावलं, मग एक मागे. टाच आधी टेकायची आणि जोरात, चवडा नंतर. ओळीत एका माणसाची जागा मोकळी सोडायची. तिच्या दोन्ही बाजूच्या बायकांचा एकेक हात रिकामाच राहतो, तो तसाच उघडा ठेवायचा, खाली सोडायचा नाही. दमेपर्यंत. थांबा असं कुणी सांगत नाही, एकेक टाच आपोआप बंद होते.

भिंतीकडे तोंड का, तर मावशी म्हणते की घर चालवणाऱ्या बाईला दिवसभर तोंड सावरून ठेवावं लागतं. तेवढा वेळ ते कुणी बघत नाही. शेजारणीलाही दिसत नाही. बघणारं कुणी नसतं, म्हणूनच तो नाच.

मिठूच्या वेळी मोकळी जागा माझ्या डावीकडे होती. ती अकरा वर्षांची, म्हणून मावशीनं जागा लहान ठेवायला सांगितली. माझा हात तिच्या डोक्याच्या उंचीवर आपोआप गेला. खिडकीतून ऊन येत होतं, भिंतीचा रंग एका ठिकाणी उडालेला होता, तिथं मी बघत होते. किती वेळ ते आठवत नाही. पण त्या सकाळी मी तिची आई होते, शेवटची. त्यानंतर लोक भेटायला आले आणि मला चहा करावा लागला.

तीन वर्षांत हे मी तुझ्या भावोजींनाही सांगितलं नाही. तुला रजा मिळाली नव्हती, तू त्या ओळीत असायला हवी होतीस असं मला फार वाटलं होतं, म्हणून सांगितलं. हे कुणाला दाखवायचं नसतं हे तुला वेगळं सांगायला नको.

जेवत जा. आठवण ठेवत जा, आम्ही ठेवतोच.
तुझी
ताई

३० सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. कार्यक्रम झाला. लोकांना आवडला, आणि आता तो घेऊन आणखी चार शहरांत जायचं आहे, म्हणून माझा पत्ता महिनाभर सारखा बदलेल. माझ्या वाटणीचा भागही चांगला झाला म्हणतात. बुटक्या मास्तरांनी पाठ थोपटली. दाढीवाले आजोबा मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, म्हातारी माणसं अशीच.

सोबत एक रुमाल पाठवते आहे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाशील तेव्हा डोक्याला बांध, तिकडे वारा असेल. भावोजींना सांग की घड्याळ भिजवलेलं नाही, पडलं होतं.

मिठूचा फोटो मी आरशाला लावला आहे. इतकंच.

राग धरू नकोस कशाचाही.
तुझी
ठकी

११ डिसेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

राग धरू नकोस असं तू का लिहिलंस, ते मला सोमवारी कळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. डोळ्यांत थेंब घालून त्यांनी बाहेर बाकावर बसवलं. समोर टीव्ही लावलेला होता. थेंबांमुळे सगळं पसरट दिसत होतं, त्यामुळे आधी मला फक्त निळा उजेड दिसला आणि ढोल ऐकू आला. मग ढोलाखालून टाचा ऐकू आल्या. उजवीकडे तीन, मग एक मागे. ठकी, माझे पाय बाकाखाली हलायला लागले. मला वाटलं मला काहीतरी होतंय.

शेजारची बाई म्हणाली की बघा, काय छान पाठमोऱ्या नाचतात. मी तिला विचारलं की मधली जागा मोकळी आहे का. तिनं सांगितलं की होती, पण आता एक पांढऱ्या कपड्यातली मुलगी गिरक्या घेत तिथं येऊन उभी राहिलीय. मग सगळ्या जणी वळल्या म्हणे, आणि हसून वाकल्या. टाळ्या मला ऐकू आल्याच. खोलीतल्याही दोघातिघांनी वाजवल्या. शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं की तुम्हाला नाही का आवडलं.

नंतर तुमच्या संस्थेचं नाव सांगितलं, आणि तुझं. बसवणारी म्हणून.

आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले की डोळ्यांत पाणी असलं की नंबर काढता येत नाही, पुढच्या आठवड्यात या. मी थेंबांमुळे आहे म्हटलं.

मी हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. मावशी अंथरुणाला खिळली आहे, तिच्याकडे टीव्ही नाही, ते एक बरं झालं. मला फक्त एवढंच कळू दे की तू दोरीवरच्या उड्यांची गाणी का घेतली नाहीस.

ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार वेळा लिहून फाडलं. आता जे येईल ते लिहिते.

गाणी बसवली होती. जूनमध्ये संचालकबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या की हे कुठलंही असू शकतं, तुमच्या घरचं यात काय आहे. मी घरी आले, तुझं पत्र काढलं आणि टेबल सरकवून भिंतीशी उभी राहिले. एकटीच. करंगळी धरायला कुणी नव्हतं. खालची कानस बंद होईपर्यंत नाचले. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींना दाखवलं. ढोल बाईंनी घातला, पांढऱ्या कपड्यातली मुलगीही त्यांनीच आणली, शेवटी वळायचंही त्यांनीच ठरवलं. मी नाही म्हटलं होतं, पण हळू म्हटलं. दोष त्यांच्यावर टाकत नाही. तुझं पत्र माझ्याकडे होतं, त्यांच्याकडे नव्हतं.

तुला एक खोटं सांगितलेलं आहे, ते आज सांगते. मिठूच्या वेळी मला रजा मिळाली होती. तिकीट काढलं होतं. स्टेशनवर जाऊन बाकावर बसले, गाडी आली आणि गेली. त्या सुट्टीत ती माझ्याकडे यायचं म्हणत होती. मी कामात आहे, पुढच्या वर्षी ये, असं मी तिला लिहिलं होतं. तिनं उत्तरात पुढच्या वर्षाचे महिने ओळीनं लिहून पाठवले होते आणि कुठल्या महिन्यात येऊ ते विचारलं होतं. मी कळवते म्हटलं आणि राहूनच गेलं. मग तीन दिवसांच्या तापात ती गेली. तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं येणार होते?

ताई, कार्यक्रमात मी दुसऱ्या ओळीत असते, अंधारात. अडतीस प्रयोग झाले. प्रत्येक वेळी मी तिच्यासाठीच नाचले. लोकांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही, माझं तोंड पडद्याकडे होतं. वळायच्या वेळी मी वळायचे नाही, म्हणून मला मागे ठेवलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाईंना म्हटलं की हा नाच काढा. त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षभराच्या तारखा ठरल्यात, आणि नाच काही कुणाच्या घरचा राहत नाही. मी नोकरी सोडली. माझ्या जागी दुसरी मुलगी आली, तिला दोन दिवसांत सगळं आलं. निघताना आजोबा भेटले. पहिल्यांदा बोलले. म्हणाले की मुली, सोडून आता काय उपयोग. आणि माझी बॅग जिन्यावरून खाली आणून दिली.

तू ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. माझ्यावरची माया तोडू नकोस एवढंच मागते.
ठकी

३ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

मावशी गुरुवारी गेली. झोपेतच गेली, त्रास नाही झाला. तुला कळवायला उशीर केला, तो मुद्दाम केला, हे खोटं बोलत नाही.

शुक्रवारी सकाळी मागच्या खोलीत आम्ही नऊ जणी जमलो. आता उजव्या टोकाला मी. मावशीच्या धाकट्या सुनेची ही पहिलीच वेळ, तिला मी पावलं सांगायला गेले तर म्हणाली की मला येतात, मी टीव्हीवर पाहिलंय. आम्ही सुरू केलं. पावलं तिची अगदी बरोबर होती. मग थोड्या वेळानं ती वळली. तिचा काही दोष नाही, पोरीला वाटलं की असंच असतं. ती वळली आणि तिनं आमची सगळ्यांची तोंडं पाहिली. मावशीच्या लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग ओळ मोडलीच. एकीनं पोरीला जवळ घेतलं, कारण ती घाबरून रडायला लागली होती. मावशीसाठी आम्ही किती नाचलो असू, तर पाच मिनिटं. ती आपल्या आजीसाठी दुपारपर्यंत नाचली होती.

तुझं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं. तू स्टेशनवर बसलीस ते वाचून तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. मिठूनं महिने लिहून पाठवले होते ते मला माहीत नव्हतं. तो कागद असला तर जपून ठेव, मला दे असं म्हणत नाही, तो तुझा आहे. तू तिच्यासाठीच नाचत होतीस याबद्दल मला शंका नाही. तुझ्यावर ओरडावं म्हणून मी दोनदा कागद घेऊन बसले, पण ओरडायला काही सापडलं नाही.

सांगायचं ते वेगळंच आहे. मावशीकडून परत आल्यावर मी मिठूच्या खोलीत गेले, दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिची ती सकाळ आठवायची होती. ती एकच सकाळ माझ्याकडे होती, तीन वर्षं मी तीच काढून बघायचे, मशीनवर बसल्या बसल्या. खिडकीतलं ऊन आणि तो रंग उडालेला तुकडा. पाय चालले, पण डोळे मिटले की निळा उजेड येतो, आणि ढोल. हात डावीकडे नेला की तिथं ती पांढऱ्या कपड्यातली मुलगी येऊन उभी राहते. मी तिला नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी येते. रोज करून बघते. मिठू तिथं येत नाही.

तू अडतीस वेळा तिला निरोप दिलास. मी एकदाच दिला होता, आणि तो आता माझ्याकडे नाही.

नोकरी दुसरी बघ, पायांची काळजी घे, थंडीत अनवाणी फिरू नकोस. तुझे भावोजी विचारत असतात, त्यांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. माया आहेच, ती मागायची नसते. पत्र मात्र इतक्यात पाठवू नकोस.

ताई