रुग्णवाहिकेत आधी मी झोपले

मंगळवार, ऑक्टोबर २००४. संध्याकाळ.

रुग्णवाहिकेत मृतदेह न्यायचा नाही, असा नियम आहे. पण इकडे दुसरी गाडीच नाही, म्हणून नेतात, आणि तांड्याला ते ठाऊक आहे. आज साखऱ्याजवळच्या तांड्यावर कमलाचं बाळ पोटात आडवं होतं, तरी ती गाडीत चढेना. सासू म्हणाली, "ह्या गाडीत झोपलेलं माणूस उठत न्हाई, बाई."

"ह्या गाडीतून मृतदेह नेत नाहीत," असं खोटं बोलता आलं असतं. स्ट्रेचर फक्त रुग्णासाठी, हाही नियमच. तरी मी त्यावर सरळ आडवी झाले. फिनाइलचा वास. काय करतेय मी हे? मग उठून बसले. "बघा, उठले."

ड्रायव्हरमामा म्हणाले, "सिस्टर, ड्युटीवर झोपायची सवय आज कामी आली बघा." कमला हसली आणि हसता हसताच चढली.

हिंगोलीत सिझेरियन झालं. मुलगी. दोघी ठीक. फिनाइलचा वास अजून माझ्या वेणीला आहे.

दवाखान्यातून निघताना, सोबत आलेल्या कमलाच्या सासूने वाट अडवली. माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "आमचं भेव तुमी आंगावर घेतलं, लेकरा."

आई गेल्यापासून माझी दृष्ट कोणी काढली नव्हती. "उशीर होतोय," एवढंच म्हणाले मी.