चिठ्ठीत निघालेली बाजू

आबा, आज कॉलेजात एका मुलीवर मी विनाकारण ओरडले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला. मी मुलांची वादविवादाची तयारी करून घेते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, ते तुम्ही गेल्यानंतरचं. मी त्यांना सांगते की जी बाजू पटत नाही तीच मागून घ्या, डोकं तिथेच तयार होतं. आज ती मुलगी म्हणाली, "मॅडम, स्पर्धेला माझे पप्पा येणार आहेत. मला बाजू बदलून द्या ना." मी म्हटलं, असलं रडगाणं माझ्याकडे चालणार नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. घरी येईपर्यंत माझंही झालं होतं.

घरात आपण अहिराणी बोलायचो आणि मी तुम्हाला सरळ 'तू' म्हणायचे. कागदावर हात आपोआप 'तुम्ही'कडे जातो. शाळेने लावलेल्या सवयी, दुसरं काय! त्या शाळेनेच मला बोलायलाही शिकवलं, आणि मग तर माझं तोंड कोणाला आवरेना. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या मंडळाने गणपतीत वादविवाद ठेवला, तेव्हा पहिलं नाव माझंच गेलं. विषय होता, 'सुरतेत आलेल्या माणसांनी गावी परत जावे.' तो विषय सुचायला कोणाला फार डोकं लावावं लागलं नसणार. प्लेगमध्ये आपली वस्ती, अख्खं लिंबायत, बोचकी उचलून खानदेशात पळालं होतं आणि महिन्याभरात लाजत लाजत परत आलं होतं. आपणही आलो. गावातला तो महिना मी कसा काढला हे माझं मला ठाऊक. ना धड अभ्यास, ना मैत्रिणी, दिवसभर काकूंच्या नजरा. सुरतेला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या घाणीच्या वासानेसुद्धा मला बरं वाटलं होतं.

चिठ्ठी उचलली तर निघालं, 'बाजूने'. म्हणजे परत जावं, असं मी बोलायचं. मला काहीच वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण रडवायला ही बाजू सोपी होती. दुपारची वेळ, पालिकेच्या शाळेचं पटांगण, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. यंत्रमागांच्या खडखडाटात बारा-बारा तास काढून तुमचे कान गेले होते, म्हणून तुम्ही नेहमी माणसाच्या ओठांकडे बघत ऐकायचात. मी मुद्दाम जोरात, एकेक शब्द सुटा करून बोलत होते, तुम्हाला कळावं म्हणून. पाठ केलेले मुद्दे संपले तरी वेळ उरला होता. मग मी तुम्हालाच पुढे केलं. म्हटलं, "माझ्या वडिलांनी या शहराला छाती दिली, कान दिले. आज मी हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही. गावात होते तेव्हा त्यांना विहिरीवरचं बोलणं घरात ऐकू यायचं." विहिरीचं मी तिथल्या तिथे रचलं होतं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. पहिला नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला, तो मी नाचवतच घरी आणला.

तुम्ही वाटेत एकदाच बोललात. "खरं बोलनी तू." मला वाटलं, तुम्ही बोलण्याचं कौतुक करताय.

चूक कोणाची म्हणायची, आबा? तुम्ही आयुष्यात कधी वादविवाद पाहिला नव्हता. चार लोकांत उभं राहून माणूस आपल्या मनात नाही ते बोलतो, त्यासाठी त्याला टाळ्या मिळतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आपल्याकडे बैठकीत बोललेल्या शब्दावर सोयरिकी ठरायच्या. ताईचं लग्न तुम्ही असंच भावबंदांसमोर तोंडातून शब्द गेला म्हणून केलंत. लग्नाआधी नोकरीवाल्या मुलाचं स्थळ आलं तर त्या लोकांना चहा पाजून परत पाठवलंत. आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. मी कुठे परकी होते?

तुमचं सुरतेच्याच कडेला, भेस्तानला घर घ्यायचं चाललं होतं. शेजारचे नाना घेत होते, त्यांच्या भिंतीला भिंत लावून. दोन खोल्या, स्वतःचा नळ, आणि मागे एक खिडकी होती, तिथे मी मनातल्या मनात माझं टेबल मांडून ठेवलं होतं. दहावीनंतर सुरतेतच सायन्सला जायचं, हेही मनातल्या मनातच. स्पर्धेनंतरच्या आठवड्यात नाना तुम्हाला न्यायला आले. मी ओट्याशी पोळ्या लाटतेय. आई तव्यापाशी. तुम्ही दारात उभे आहात, आणि तुमच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणताय, "नाना, भेस्तानना घरनं राहू द्या आते. पोर म्हनस, गावले जानं शे. चार लोकस्मा बोलनी ती. तिना शब्द कसा मोडू?"

नाना हसले. त्यांना वाटलं तुम्ही थट्टा करताय. आई हसली नाही. तिने तवा खाली घेतला आणि मला हळूच विचारलं, "खरंच तुले गावले जानं शे का व माय?"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गावी दोन खोल्या बांधल्यात, आम्हा दोघींना तिथे पोचवलंत आणि तुम्ही एकटे परत सुरतेला गेलात, कारण गावात तुम्हाला काम कोण देणार होतं? हा मुद्दा विरुद्ध बाजूच्या मुलाने मांडला होता. मी तो दोन वाक्यांत उडवून लावला होता. मी तालुक्याच्या कॉलेजात आर्ट्सला गेले. तुम्ही सहा वर्षं आठ जणांच्या खोलीत राहिलात, खानावळीत जेवलात. दिवाळीला यायचात, तर घर आपलं असून पाहुण्यासारखे खाटेच्या कडेला बसायचात. मग एका सकाळी नानांचा निरोप आला, आणि आम्ही पोचलो तोवर तुम्हाला खाली आणून ठेवलं होतं. शेवटची हाक तुम्ही कोणाला मारली असेल, मारली असेल तर त्या खोलीतलं कोणी उठलं असेल का, हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती चिठ्ठी होती, तो खेळ होता, तुम्हाला समजलं नाही. मी बोलण्यात तरबेज आहे, मला स्वतःला पटवायला काय लागतं! पण हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहिते. त्या दिवशी आईने विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. 'नाही' म्हटलं असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं. मी 'हो' म्हटलं. मला गावी जायचं नव्हतं, आबा. पण माझ्या म्हणण्यावरून घरात काहीतरी ठरतंय, आणि तुम्ही ते मान वर करून अख्ख्या चाळीला सांगताय, हे मला फार आवडलं होतं.