चाल माझीच

सोमवार, ३ मार्च
बरेच दिवस लिहिलं नाही, माफी असावी. कोणाची मागतोय कोण जाणे. वही माझी, वाचणार मीच. तरी चूक ती चूक.

कारण (सबब नव्हे): बायकोला बढती मिळालीय. दुसऱ्या शहरात. जाणार की नाही, रविवारपर्यंत कळवायचंय. तुला काय वाटतं, असं तिने विचारलं. तुला योग्य वाटेल ते कर, मी म्हणालो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, बरं, त्या मोठ्या बॅगेची चेन अडकते, तेवढी दुरुस्त करून आण.

उत्तर देताना मला ते समंजसपणाचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. तिने जाऊ नये. निदान असं जाऊ नये.

मंगळवार, ४ मार्च
उपाय सापडला. गाणं.

कॉलेजात आमचा बँड होता. त्यातली एक चाल पूर्णपणे माझी, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये सुचलेली. कँटीनमागच्या पायऱ्यांवर तिला म्हणून दाखवली आणि पुढे लग्न झालं. ज्या औषधाने एकदा गुण आला ते पुन्हा द्यायला हरकत नाही. शनिवारी संध्याकाळी गाणार.

अडचण एकच: मधला तुकडा आठवत नाही. त्यासाठी त्या काळातली सगळी गाणी पुन्हा ऐकायची, म्हणजे धागा लागेल. कपाटातून हेडफोन काढून ठेवला.

मेहुण्याचा फोन आला. काय बी-साइड, ही निघाली म्हणे, अडवणार की नाही? लग्नापासून तो मला हेच म्हणतो. कॉलेजात मी बी डिव्हिजनला होतो, त्यावरून. दरवेळी जरा लागतं, पण बायकोचा मोठा भाऊ, बोलायचं काय.

बुधवार, ५ मार्च
दिवसभर ऐकलं. ऑफिसातही, एका कानात. काय गाणी होती. तेव्हा जी बंडखोर वाटायची त्यातली निम्मी चक्क आईच्या आठवणीने रडणारी निघाली. आम्ही ती मुठी आवळून म्हणायचो. इंग्रजी कच्चं असण्याचे फायदे.

जेवणानंतर बायको समोर येऊन बसली. काहीतरी म्हणायचं होतं. नेमका गिटारचा सोलो चालू होता, म्हणून मी एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट. सोलो अपेक्षेपेक्षा लांबला. हेडफोन काढला तेव्हा खुर्ची रिकामी होती. महत्त्वाचं असेल तर पुन्हा विचारेल.

चेनचं राहिलं. खरं तर बॅग नादुरुस्त असणं आपल्याच फायद्याचं आहे.

गुरुवार, ६ मार्च
मधला तुकडा सापडला. सुरुवातही सापडली. शेवटही.

माझा जन्म व्हायच्या आधीचा कुठलासा परदेशी बँड. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. चाल तीच, हरकतीसकट. शब्द तेवढे माझे, आणि ते वाईट आहेत.

ऐकलं तेव्हा टेबलावर विम्याच्या दाव्याची फाइल होती. ‘मूळ प्रत जोडलेली नाही, दावा अमान्य’ असा शेरा मारत होतो. हात थांबला. मग आठवलं: हॉस्टेलच्या बाथरूमला लागून आमच्या ड्रमरची खोली होती. भिंत पातळ होती.

संध्याकाळी: घाबरण्याचं कारण नाही. शोध घेतला. त्या बँडनेही ठेका एका जुन्या गायकाकडून उचललाय, त्याने चर्चमधल्या गाण्यांतून. चोरावर मोर म्हणतात तसा मी. याला प्रभाव म्हणतात.

तरी जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च
रजा घेतली. नवी चाल लावायची, स्वतःची, म्हणजे प्रश्नच मिटला.

दुपारी एक ओळ सुचली. डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी कळलं, धुणं संपल्यावर आमचं वॉशिंग मशीन तीच वाजवतं.

पुन्हा प्रयत्न केला. बायकोने दाराबाहेरून विचारलं, काही पडलं का?

शनिवार, ८ मार्च
सकाळी ठरवलं: जुनीच गायची, काही बोलायचं नाही. दुपारी ठरवलं: आधी खरं सांगायचं, मग गायचं.

गायलो. मधल्या तुकड्यात गिटारची तार तुटली. त्या शांततेत मी म्हणालो, ही चाल माझी नाही.

ती म्हणाली, तुझी चाल मला तेव्हाच, पायऱ्यांवर, पहिल्या ओळीतच कळली होती. दादाकडे ती कॅसेट होती ना. बी साइड, शेवटचं गाणं. तो तुला इतकी वर्षं उगाच म्हणतो का तसं?

मी बी डिव्हिजनचं सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग माझ्याशी लग्न का केलंस, मी विचारलं. तर म्हणे, तेव्हाही तू मध्येच अडलास. गिटार बाजूला ठेवून म्हणालास, जाऊ दे, तू बोल. आणि अंधार पडेपर्यंत ऐकत बसलास. मला ते आवडलं. ते कुणाकडून उचललं होतंस?

मी तुटलेली तार गुंडाळत बसलो.

नंतर तिनेच सांगितलं. बुधवारी ती विचारायला आली होती, माझ्याबरोबर येशील का. तू बोट वर केलंस, ती म्हणाली. गुरुवारी मी होकार कळवून टाकला.

रविवार, ९ मार्च
सकाळी म्हणालो, मी येतो. ऑफिसात विचारतो, बदली मागतो. ती म्हणाली, आधी मला तिथे रुळू दे, मग बघू.

‘बघू’वर बराच विचार केला. लोक नकार द्यायचा असला की बघू म्हणतात. मीही म्हणतो. पण ती तशी म्हणत नाही. बहुतेक. तिला विचारावं असं वाटलं, पण ती फोनवर नव्या घराचं बोलत होती. शेजारी बसून राहिलो. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे म्हणे. हेडफोन लावला नाही.

उद्या: बॅगेची चेन.