काठावरची माती

बाबा, आज क्वार्टरांसमोरचा खंदक बुजवला. तुमच्याच फावड्याने. त्याचा दांडा तुम्ही माझ्या लहानपणच्या उंचीला कापून दिला होता, तो अजून तेवढाच आहे, म्हणून दिवसभर वाकून माती ओढली आणि आता लिहायला बसलो तर पाठ सरळ होत नाही. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं त्याला बरेच दिवस झाले. तरी भोंगा वाजला की मी आधी आभाळाकडे पाहतो. साधा शिफ्टचा असला तरी.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा इथे पोलाद प्लांटाची भट्टीही पेटली नव्हती, नुसती खोदाई चालायची. एकदा मी तुमचा डबा घेऊन आलो आणि तुम्ही खोदत होता त्या नाल्याच्या काठावर पाय सोडून बसलो, तर तुम्ही खालून चढून आलात आणि सगळ्या गँगसमोर माझ्या थोबाडीत मारली. मग हात धरून मला दाखवलंत, काढलेली माती काठापासून किती लांब पडली आहे ते. "हातभर लांब टाकाची. जवळ टाकली का तिच्या वजनानं कड बसते, मंग खालच्याले वर याले टाइम भेटत नाई." मी रडत होतो, माझं लक्ष मातीकडे नव्हतं. संध्याकाळी तुम्ही फावड्याचा दांडा कापून दिलात. त्याच पावसाळ्यात एक कड बसली आणि तुम्हालाच टाइम भेटला नाही.

पुढे मायला इस्पितळात आयाची नोकरी लागली, त्यावर हा क्वार्टर मिळाला. तिने मला नागपूरला कॉलेजात घातलं, आणि मी दुसऱ्या वर्षातून परत आलो. प्रोफेसरशी भांडण झालं हे मी सगळ्यांना सांगतो. भांडण झालं हे खरं आहे, पण ते मिटलं असतं. आमच्याच ओळीतल्या काकाजींची थोरली मुलगी माझ्या पत्रांना उत्तर देत नव्हती आणि मला तिकडे श्वास घेता येत नव्हता, हे जास्त खरं आहे. तुम्ही असता तर दुसरी थोबाडीत बसली असती.

लढाई लागली आणि हुकूम आला की क्वार्टरांच्या प्रत्येक ओळीने आपला खंदक खोदावा. विमानं येतील ती प्लांटावरच, हे सगळ्यांनी धरलंच होतं. खिडक्यांना काळा कागद लावून आम्ही अंधारात बसायचो आणि तिकडे स्लॅग, भट्टीतला वितळलेला मळ, ओतला की सगळं आभाळ लाल व्हायचं. काकाजी म्हणायचे, आपून कागद लावून राहिलो आन् प्लांट तिकडे पाकिस्तानले कंदील दाखवून राहिला. लोक हसायचे. मी हसायचो नाही, मला झोप लागत नव्हती.

पुरुष माणसं ड्यूटीवर, रिकामा मी एकटा. चार दिवस खोदलं, पुरुषभर खोल. काकाजींची थोरली पाणी घेऊन यायची. दोन वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते त्या खड्ड्यावर उभी राहून, आणि बोलली काय, तर "एवढ्याशानं काय जीव वाचन? मातीची भिंत तं थोडी उंच करा." मी सगळी माती काठावरच रचली. अगदी काठाला लागून, फावड्याच्या पाठीने थापून गुळगुळीत केली. काकाजींनी शाबासकी दिली. मायने दारातून पाहिलं आणि आत गेली. मी विचारलं तर म्हणाली, "वरून मरन आलं तं येऊ दे. मी जमिनीत नाई उतरत." मी तिच्यावर ओरडलो, बाबा. सगळी ओळ ऐकत होती. तुझ्यापायी मीही मरू का, असं म्हणालो.

मग दोन दिवस पावसाची झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी, उघडीप असताना, हवाई हल्ल्याचा तो चढता-उतरता भोंगा वाजला. पहाऱ्यावरचा शिटीवाला सायकलवरून ओरडत गेला की ही प्रॅक्टिस नाही. लोक घोटाभर पाण्यात उतरले. काकाजींची थोरली धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन उतरली. माय उंबऱ्यावर बसलेली. मी एक पाय खाली टाकला आणि मला भेग दिसली. मातीच्या ढिगामागे, बोट जाईल एवढी, खंदकाच्या लांबीने गेलेली.

काय करावं? वर या म्हणावं तर सगळे उघड्यावर, आणि विमान आलं तर ते माझ्या मानेवर. गप्प राहावं तर खाली ती आहे. आणि ही माती काठावर का रचली, हे वर आल्यावर कोणीतरी मला विचारणारच. मी पाय वर घेतला आणि उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. नजर आभाळाकडून भेगेकडे आणि भेगेकडून आभाळाकडे. मग फावडं घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि ढीग मागे ओढायला लागलो. काकाजी खालून म्हणाले, "अबे, येडा झाला का? खाली ये, वरून दिसते." मी ओढतच राहिलो.

तेव्हा माय उठली. चालत आली, भेग पाहिली, आणि भाजी झाली म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणाली, "कड फाटली. समदे वर या." आणि सगळे आले. तिचा नवरा कसा गेला हे ओळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी बाया-लेकरं आधी काढली, मग ते क्वार्टरांच्या भिंतीला लागून पालथे पडले, आणि थोड्याच वेळात ती कड काही आवाज न करता आत बसली. विमान आलंच नाही.

आता काकाजी मला चहाला बोलावतात. पोरानं पाह्यलं म्हणून वाचलो, असं चार लोकांत सांगतात. ती मला पाहून थांबते. परवा म्हणाली, तुमच्यामुळे. दोन वर्षं मी याच्यासाठी जीव टाकत होतो, आणि मला तिच्याकडे मान वर करून पाहता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मायने एकच विचारलं होतं. "माती कोनं टाकली व्हती काठावर?" तिने दारातून पाहिलं होतं, तरी मी म्हणालो, समद्यांनी मिळून. ती माझ्या हातातल्या फावड्याकडे बघत राहिली आणि भाकऱ्या करायला गेली.

हे तुम्हाला सांगितलं, मायला नाही. आताच ती विचारून गेली, काय लिहून राहिला. प्लांटातल्या नोकरीचा अर्ज, मी म्हणालो. तिने कंदील जवळ सरकवून दिला. म्हणाली, "मंग नीट लिही."