भाकरी उलटायच्या जागा

आये, मी धवलारीण झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण मी बोलायला बसले की फाटे फुटत जातात आणि मुद्द्याचं राहून जातं. परवा दिवा गावात एका घरची हळद मी एकटीने गायली. सकाळी मांडवात देव बोलवण्यापासून ते नवऱ्या मुलाच्या अंगाला शेवटचं बोट लागेपर्यंत. अडुसष्टाव्या वर्षी. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढा उशीर कशाला लावलास. तर आये, थोडा उशीर तूसुद्धा लावलास, हेही आज लिहिते, राग मानू नको.

मी दहाएक वर्षांची असेन. तू पाटावर बसून गातेस आणि मी तुझ्या मागे सूप धरून उभी आहे. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंडं. बाबा तेव्हा मिठागरावर जायचा, आणि तुला मांडवात बघितलं की मला वाटायचं, गावात सगळ्यात मोठं माणूस माझी आई आहे. देवसुद्धा तिने हाक मारल्यावर येतात. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्याने तुझ्या सुरात सूर घातला. तू गाणं जराही न थांबवता डाव्या हाताने माझं तोंड दाबलंस. घरी आल्यावर बोललीस, "तुजा गला कावल्याचा हाय. तू सूप धर, तेवरा बस झाला." मग मी सूपच धरत आले. तुझ्यामागे धरलं, लग्न होऊन डोंबिवलीला आले तर इथल्या धवलारणींच्या मागे धरलं. समोर कोणीही गात असो, ओठ तुझ्याच गाण्यावर हलवायचे, आवाज काढायचा नाही. तुला जाऊन तीस वर्षं झाली तरी माझे ओठ तसेच हलत होते.

ते माझ्या नातीने पकडलं. गेल्या साली आमच्याकडे एक हळद होती, स्पीकर असा लावलेला की पातेल्यावरची झाकणं हलत होती. त्यातही ती माझ्या जवळ येऊन म्हणते, "आजी, तू कधीची काय पुटपुटतेस?" मी सांगितलं, धवला. आता तिच्या मैत्रिणींना तर धवलारीण म्हणजे काय तेही सांगावं लागतं, की बाई गं, भटजी यायच्या आधीपासून आमची लग्नं गाऊन लावते ती. नात म्हणाली, "मग शिक ना. कोणाकडे शिकायचं ते बोल." ती ठाण्याला ऑफिसात आहे, तिच्या मते जगात प्रत्येक गोष्टीचा क्लास असतो. मी हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चार जणींना फोन केले. खडवलीला एक बाई आहे, ऐंशीच्या पुढची, अजून गाते, असं कळलं.

लेकाला पटलं नाही. तो म्हणाला, "आई, आपल्या जागेवर दोन बिल्डिंगी उभ्या आहेत, आणि तू लोकांच्या मांडवात पाटावर बसणार?" मी म्हटलं, "बिल्डिंगी तुझ्या आहेत रे. माझं काय आहे ते मला करू दे." तरी मंगळवारी स्वतःच गाडी काढून मला स्टेशनला सोडायला आला, तोंड फुगवूनच, पण आला.

खडवलीची बाई ओटीवर वाल सोलत बसलेली. मला पाणी विचारलं, नाव विचारलं नाही. म्हणाली, "गा बघू, काय येतंय ते." मी गायले. चार ओळी झाल्या आणि तिने हात वर केला. "इथं का थांबलीस?" मला कळेना. पुन्हा गायले, पुन्हा तिथेच थांबले. मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. आये, मांडवात तुझा धवला मला कधी धड ऐकूच यायचा नाही, बाया बोलत असायच्या, पोरं रडत असायची. नीट ऐकला तो घरी, चुलीपुढे. तू भाकऱ्या थापताना गायचीस आणि भाकरी उलटायला थांबायचीस, कधी चुलीत फुंकर घालायला थांबायचीस. तिथली ओळ तू मनातल्या मनात म्हणत असशील. मी त्या मोकळ्या जागांसकट पाठ केलेला. हे सांगितल्यावर ती बाई एवढी हसली की मांडीवरचे वाल सांडले. "अगो, भाकरी जळंल म्हणून ती थांबली. देव कशाला थांबतील?"

मग दर मंगळवारी भाकरीची एकेक मोकळी जागा भरत गेली. आठ महिने. नात मोबाइलात त्या बाईचा आवाज भरून द्यायची, तो मी भाजी चिरताना लावायचे. तोंडात ज्येष्ठमध, फ्रिजचं पाणी बंद. हाडांच्या डॉक्टरला विचारलं, तीन तास पाटावर कशी बसू, तर तो म्हणाला, "बसूच नका." मी म्हटलं, ते सोडून सांगा. मग त्याने गुडघ्याचे व्यायाम दिले, ते मी सोसायटीच्या बागेत केले, बाया बघायच्या, बघू देत. धवला उतरवायला वही केली. मी तिसरीपर्यंत शिकलेली, माझं अक्षर म्हणजे सुकत घातलेले बोंबील, पण मला वाचता येतं ना, झालं.

दिव्याच्या घरी आठ दिवस आधी जाऊन आले. देवांच्या मागून त्या घरातले गेलेले पितर नाव घेऊन बोलवायचे, आणि नाव सुटलं तर घरचे जन्मभर लक्षात ठेवतात. नवऱ्या मुलाच्या आजीने सगळी नावं सांगितली, पार खापरपणज्यापासून. मी लिहिली, आणि खाली कोणी सांगितली म्हणून तिचंही नाव लिहून ठेवलं.

आणि परवा, एवढं सगळं करून, मी पितरांना बोलवता बोलवता त्या आजीलाच बोलावलं. ती समोर लाल खुर्चीत बसलेली. "अगो, मी अजून हाय ना," ती म्हणाली.  मुलाच्या आईने हळदीचा हात तोंडाला लावला, ती अर्धी पिवळी झाली. धवला मध्येच तोडायचा नसतो. मी गळा चालूच ठेवला, आणि त्याच चालीत माझ्या तोंडून आलं, की गेलेले आले ते मांडवाबाहेर उभे आहेत, आणि हाक कानाने ऐकणारी घरात एकच आहे, तिने उठावं आणि पहिली हळद तिच्या हाताने लागावी. ही ओळ वहीत नव्हती. दोघींनी आजीला उठवलं. नातवाच्या गालाला हळद लावून ती माझ्याकडे वळली, "चला, खरी हाक येईल तवा आवाज वलखीचा असंल." तेव्हा कुठे लोक हसले. माझा लेक मागे उभा राहून शूटिंग घेत होता आणि शेजारच्याला सांगत होता, "आई आहे माझी."

खडवलीची बाई मुद्दाम आलेली. जेवताना म्हणाली, "लक्ष कुठं होतं तुझं?" मी म्हटलं, उकाडा केवढा होता. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "ती ओळ मला पण दे." आये, ऐंशी ओलांडलेल्या धवलारणीने माझ्याकडे ओळ मागितली.

हे धवल्याच्या वहीतच शेवटच्या पानांवर लिहिते आहे, पोस्टात टाकायला पत्ता कुठला. उकाड्याचं खोटं होतं. त्यांच्या पितरांमध्ये मी तुझं नाव घातलं. तुझं त्यांचं नातं नाही, गाव एक नाही, पण घातलं, हळूच, कोणाला कळलं नाही. आणि नाव घेऊन मी मांडवाच्या तोंडाकडे बघत राहिले, तू येतेस का ते, म्हणून पुढचं चुकलं.